बालगृहात वाट पाहणाऱ्या मोठ्या मुलांना पालक कसे मिळतील?

पिंपळपान

नमस्कार. नाशिक जिल्ह्यातल्या एका बालगृहात मी रविवारी मुलांना गणित शिकवायला जातो. तिथे सहा ते तेरा वयोगटातली काही मुले अशी आहेत की ज्यांना बाल कल्याण समितीने (अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या अधिकृत समितीने) दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त, म्हणजे दत्तक देता येण्याजोगे, घोषित केले आहे, ज्यांचे बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल 'कॅरिंग्ज' या केंद्रीय पोर्टलवर चढलेले आहेत, आणि तरीही ज्यांच्यासाठी आजवर कोणीही विचारणा केलेली नाही. दुसरीकडे देशात ३५,००० पेक्षा जास्त इच्छुक पालक नोंदणी करून थांबलेले आहेत आणि तान्ह्या बाळासाठी तीन-साडेतीन वर्षांची प्रतीक्षा आहे. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली. हा गेल्या दशकभरातला उच्चांक आहे, पण मी शिकवतो त्या मुलांपर्यंत तो पोहोचलेला नाही.

माझे मत असे की आपली सगळी व्यवस्था पालकांसाठी मूल शोधून देण्याच्या दिशेने बांधलेली आहे. एखाद्या विशिष्ट मुलासाठी कुटुंब शोधण्याचे काम कोणाकडेच नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी कुटुंबे पुढे यावीत म्हणून नेमके काय करता येईल? ज्यांनी मोठे मूल दत्तक घेतले आहे, ज्यांनी विचार करून सोडून दिला आहे, आणि जे या क्षेत्रात काम करतात, अशा सर्वांनी लिहावे.

रानवाटा

लोकांना बाळ हवे असते, यात गुन्हा काय आहे?

पिंपळपान

रानवाटा, गुन्हा अजिबात नाही. ज्यांना बाळच हवे आहे त्यांचे मन वळवण्याचा माझा हेतूही नाही. माझा प्रश्न त्या पालकांविषयी आहे ज्यांना मोठे मूल चालले असते, पण तसा पर्याय आहे हेच कोणी त्यांच्यासमोर नीट मांडले नाही.

मेघना_कोथरूड

आमची मुलगी सात वर्षांची असताना घरी आली, म्हणून लिहिते. नोंदणी केली तेव्हा आम्हीही 'शून्य ते दोन' हाच वयोगट निवडला होता. गृहभेटीला आलेल्या समाजसेविकेने, आमच्या दोघांच्या नोकऱ्या आणि वये बघून, अगदी सहजपणे विचारले की तुम्ही मोठ्या मुलाचा विचार केला आहे का. तोपर्यंत आम्हाला हा प्रश्न कोणीही विचारलेला नव्हता, आणि आम्ही स्वतःलाही विचारला नव्हता. त्यानंतर निर्णयाला बरेच महिने लागले, पण सुरुवात त्या एका प्रश्नाने झाली.

घरी आल्यावरचे पहिले वर्ष सोपे नव्हते. ती पहाटे पाचला उठून सगळ्यांची अंथरुणे घडी करून ठेवत असे. पंखा लावायचा तरी परवानगी मागत असे. धुऊन आलेले कपडे तिचेच आहेत, ते दुसऱ्या कोणाला जाणार नाहीत, हे तिला कितीतरी दिवस पटत नव्हते, कारण संस्थेत कपडे सामायिक धुलाईतून येत आणि ज्याच्या मापाचा असेल त्याला मिळत. मला वाटले होते की ती खूप रडेल किंवा खूप चिडेल, पण ती अतिशय शहाण्यासारखी वागत होती आणि तेच जास्त काळजीचे होते. पहिल्यांदा तिने माझ्या अंगावर ओरडून दार आपटले, तेव्हा आमच्या समुपदेशक बाईंनी फोनवर आमचे अभिनंदन केले.

नातेवाइकांचा प्रश्न मात्र ठरलेला असे: 'लहान नाही का मिळालं?' तोही तिच्यादेखत.

खवचट_आजोबा

मेघनाताई, नातेवाइकांचीही एक गृहभेट ठेवायला हवी आणि त्यांचा अहवाल समाधानकारक नसेल तर त्यांना दिवाळीच्या फराळाला अपात्र ठरवायला हवे.

आमच्यापुरते सांगायचे तर आम्ही दोघांनी निवृत्तीनंतर फार गंभीरपणे विचार केला होता. आठ ते अठरा वयाच्या मुलासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ११० च्या आत असावी लागते. आमची बेरीज १३१ भरली. शाळेत जास्त गुण मिळाले म्हणून नापास होण्याचा प्रसंग कधी आला नव्हता.

न्यायपंथी

मी वकिली करतो आणि बाल कल्याण समितीसमोरची काही प्रकरणे हाताळली आहेत. पिंपळपान यांच्या मांडणीत एक दुरुस्ती सुचवतो. मोठ्या मुलांना पालक मिळत नाहीत हे खरे असले तरी त्याआधीचा अडथळा असा की बहुसंख्य मोठी मुले पोर्टलपर्यंत पोहोचतच नाहीत. केंद्र सरकारने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१८ साली आला. त्यात देशभरात ९,५८९ बालसंस्था आणि त्यांत ३,७०,००० हून अधिक मुले नोंदली गेली. त्यांतील फार मोठ्या संख्येच्या मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत आणि गरिबी, आजार, व्यसन किंवा दुसरा विवाह यांमुळे मूल संस्थेत आलेले आहे. अशी मुले दत्तकासाठी मुक्त नसतात, आणि ती सरसकट मुक्त व्हावीत असे म्हणणेही योग्य ठरणार नाही.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३८ नुसार अनाथ किंवा सोडून दिलेले मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत त्याच्याविषयी निर्णय व्हायला हवा. खरी अडचण आहे ती ज्यांना भेटायला वर्षानुवर्षे कोणीही आलेले नाही आणि ज्यांचे पालक सांभाळ करण्यास असमर्थ आहेत अशा मुलांची. कागदोपत्री पालक आहेत, पत्ता जुना आहे, पोलिसांचा शोध अहवाल आलेला नाही, आणि तो मागवणारा अधिकारी बदलून गेला आहे. या अवस्थेत मूल पाच वर्षांचे असते ते अकरा वर्षांचे होते. तोपर्यंत त्याला पालक मिळण्याची शक्यता आपण आपल्या हातांनी कमी केलेली असते.

सिॲटलकर

मी गेली अनेक वर्षे अमेरिकेत आहे. इथे फोस्टर केअरमधल्या, म्हणजे दत्तक न देता तात्पुरते दुसऱ्या कुटुंबात सांभाळल्या जाणाऱ्या, मुलांसाठी कुटुंबे उघडपणे शोधली जातात. 'वेनस्डेज चाइल्ड' या नावाने स्थानिक दूरचित्रवाणीवर एकेका मुलाची ओळख करून दिली जाते. 'हार्ट गॅलरी' नावाची छायाचित्र प्रदर्शने भरतात, ज्यात व्यावसायिक छायाचित्रकार या मुलांची सुंदर छायाचित्रे विनामूल्य काढतात आणि ती वाचनालयांत, मॉलमध्ये लावली जातात. शिवाय १९९७ च्या संघीय कायद्याने असे बंधन घातले की मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फोस्टर केअरमध्ये असेल तर, काही अपवाद सोडून, राज्याने पालकांचे हक्क संपुष्टात आणण्यासाठी न्यायालयात जावे. न्यायपंथी म्हणतात तशी अनिश्चितता त्यामुळे कमी होते. मुलाचा हसरा चेहरा पाहिल्यावर निर्णय बदललेली कुटुंबे मी पाहिली आहेत. आपल्याकडे असे काही का होऊ नये?

न्यायपंथी

कारण आपल्याकडे तो गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियमाच्याच कलम ७४ नुसार संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. कॅरिंग्जवरील छायाचित्रे आणि अहवालदेखील नोंदणीकृत आणि पात्र ठरलेल्या पालकांनाच दिसतात. २०२१ साली, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, 'आईवडील गेलेली दोन बाळे आहेत, कोणाला हवी असल्यास संपर्क करा' अशा मजकुराचे संदेश व्हॉट्सॲपवर किती फिरले ते आठवा. त्यांतले कितीतरी खोटे होते, आणि जे खरे असतील ते मुलांच्या विक्रीकडे जाणारे होते. अशा वेळी हे कलम भिंतीसारखे उभे राहते आणि ते तसेच राहावे असे माझे मत आहे.

सिॲटलकर

कलमाचा हेतू मान्य आहे. पण भिंतीच्या आतले मूल कोणालाच दिसत नसेल तर त्याला कुटुंब मिळणार कसे, हा प्रश्न उरतोच.

गोदाकाठ

मी या धाग्यावर लिहावे की नाही याचा बराच विचार केला. मी वयाच्या सहाव्या वर्षापासून अठरा पूर्ण होईपर्यंत संस्थेत वाढलो आहे.

सिॲटलकर, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, पण माझे छायाचित्र मॉलमध्ये लागले असते आणि त्यानंतरही कोणी आले नसते, तर मी दुसऱ्या दिवशी शाळेत कोणत्या तोंडाने गेलो असतो? आम्ही शाळेत 'आश्रमातली पोरं' म्हणून आधीच ओळखले जात होतो. दिसण्याची आम्हाला कमतरता नव्हती. वाढदिवसाचा केक घेऊन, श्राद्धाचे जेवण घेऊन, पंधरा ऑगस्टला वह्या घेऊन माणसे येतच असत. रांगेत बसून आम्ही गाणी म्हणायचो, फोटो निघायचे, आणि ती माणसे परत कधी दिसायची नाहीत. त्यातल्या एकानेही मला माझा आवडता विषय विचारला नाही.

माझे वडील कुठेतरी हयात होते, म्हणून मी कधीच मुक्त झालो नाही. बारा वर्षांत ते भेटायला आले नाहीत. माझ्याविषयी काय चालले आहे, कोणता अहवाल थांबला आहे, हे मला कधी कोणी सांगितले नाही. पालक मिळाले नाहीत याचे दुःख एका मर्यादेनंतर बोथट होते. आपल्याविषयी निर्णय होत आहेत आणि आपल्याला विचारले जात नाही, याचा राग मात्र राहतो. त्यामुळे मुलांसाठी कुटुंब शोधताना पहिला प्रश्न मुलाला विचारावा असे मी सुचवेन: तुला कुटुंब हवे आहे का, कसे हवे आहे, आणि तुझ्या इथल्या मित्रांचे काय करायचे?

मेघना_कोथरूड

गोदाकाठ, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मित्रांचा मुद्दा आमच्याही लक्षात उशिराच आला. तिची जिवलग मैत्रीण तिथेच राहिली होती, आणि आता दोघींचे फोनवर बोलणे होते.

समाजकार्य_सांगली

मी दत्तक क्षेत्रात समाजकार्यकर्ती आहे आणि गृह अभ्यास अहवाल, म्हणजे इच्छुक पालकांच्या घराची पाहणी करून दिलेला अहवाल, तयार करते. गोदाकाठ यांचा मुद्दा नियमातही आहे: पाच वर्षांवरील मुलाची संमती घ्यावी लागते. अडचण अशी की काही ठिकाणी ती संमती म्हणजे एका दुपारी, अनोळखी पाहुण्यांसमोर विचारलेला 'जाशील ना यांच्याबरोबर?' एवढाच प्रश्न असतो. मूल मान हलवते आणि रकाना भरला जातो.

मोठ्या मुलासाठी कुटुंब शोधणे म्हणजे प्रसिद्धी नव्हे, तयारी होय, असे माझे अनुभवावर आधारलेले मत आहे. मी पालकांना मुलाविषयीची कठीण माहिती आधी सांगते. मूल अंथरूण ओले करते, अभ्यासात दोन इयत्ता मागे आहे, पूर्वी एका कुटुंबातून परत आलेले आहे, त्याला त्याची आई आठवते आणि तो तिच्याविषयी बोलणार आहे. हे ऐकून जे मागे हटतात त्यांनी मागे हटणेच मुलाच्या हिताचे असते. 'बिचाऱ्या मुलाला घर द्यायचे आहे' असे म्हणत येणाऱ्या कुटुंबाबाबत मला जास्त सावध राहावे लागते, कारण अशा घरात मुलाकडून कृतज्ञतेची अपेक्षा असते, आणि बारा वर्षांचे मूल कृतज्ञ नसते. ते बारा वर्षांचे असते. दत्तकपूर्व संगोपनाच्या काळात, म्हणजे दत्तकाचा आदेश होण्याआधी मूल त्या कुटुंबात राहते तेव्हा, ते संस्थेत परतण्याचे प्रसंग मोठ्या मुलांबाबत अधिक घडतात, आणि प्रत्येक परतीनंतर त्या मुलाचा पुढच्या कुटुंबावर विश्वास बसणे अवघड होत जाते.

दत्तकाच्या आदेशानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा करणे बंधनकारक आहे. एका कार्यकर्तीकडे इतकी कुटुंबे असतात की त्या भेटीत चहा आणि फॉर्म यांपलीकडे फारसे काही होत नाही. पैसा घालायचा असेल तर जाहिरातींवर नव्हे, या कामावर घालावा.

एकटाजीव

मी अविवाहित पुरुष आहे, वय ४३. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कोणीही दत्तक घेता येते; एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. हे बंधन मला समजते आणि मान्यही आहे. मात्र नोंदणीच्या वेळी ज्या संशयाने माझ्याकडे पाहिले गेले आणि 'लग्न का करत नाही' हा प्रश्न ज्या सुरात विचारला गेला, तो अनुभव सुखद नव्हता. दहा वर्षांच्या मुलासाठी एकटा बाप हा पर्याय निदान ऐकून तरी घ्यावा.

रानवाटा

एकटाजीव, लग्न झालेल्यांना 'मूल का नाही' आणि न झालेल्यांना 'लग्न का नाही', अशी आपल्याकडे प्रश्नांची समान वाटणी आहे.

सिॲटलकर

छायाचित्रांविषयी गोदाकाठ यांनी लिहिलेले वाचून मी त्या मुद्द्यावर थांबतो. इथेही मोठी मुले स्वतःचे छायाचित्र लावण्यास नकार देतात असे ऐकले आहे. पण फोस्टर केअरविषयी विचारतो. इथे अनेक दत्तकविधाने अशी होतात की मूल आधी फोस्टर पालकांकडे राहते आणि पुढे तेच पालक त्याला दत्तक घेतात. भारतात तसे शक्य आहे का?

न्यायपंथी

आहे, आणि अलीकडे ते सोपेही झाले आहे. प्रतिपालकत्वाची, म्हणजे आपल्याकडच्या फोस्टर केअरची, केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१६ साली आली होती. २०२४ साली ती बदलली. पूर्वी केवळ विवाहित जोडप्यांना मूल सांभाळायला मिळत असे, आता ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही मिळू शकते. पूर्वी पाच वर्षांच्या सांभाळानंतर दत्तकाचा विचार होत असे, तो काळ आता दोन वर्षांवर आला आहे. ही व्यवस्था मुख्यतः सहा वर्षांवरील मुलांसाठी आहे, म्हणजे ज्यांच्याविषयी हा धागा आहे त्यांच्यासाठीच. मूल कुटुंबात ठेवण्याचा आदेश बाल कल्याण समिती देते, आणि मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली दरमहा ४,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे. एकटाजीव, तुमच्यासाठी ही वाट विचारात घेण्यासारखी आहे. तिथेही एकट्या पुरुषाला मुलगाच मिळेल.

तळकोकण

मला या प्रतिपालकत्वाची भीती वाटते. आमच्या भागात 'शिकायला ठेवलेली' मुले मी लहानपणापासून पाहिली आहेत. ती भांडी घासत आणि घरातली मुले अभ्यास करत. दरमहा चार हजार आणि वर घरकामाला एक हात, असा हिशेब करणारे लोक निघणार नाहीत याची हमी कोण देणार? आणि दुसरे म्हणजे दोन वर्षे सांभाळून 'नाही जमले' असे म्हणण्याची मोकळीक पालकांना मिळते. ती मुलाला मिळते का?

समाजकार्य_सांगली

तळकोकण, तुमची भीती निराधार नाही. म्हणूनच अचानक भेटी, शाळेतली उपस्थिती आणि मुलाशी एकट्याने बोलणे या गोष्टी टाळता येत नाहीत. पण दुसरी बाजूही पाहावी. माझ्या माहितीतल्या एका शिक्षक दांपत्याने नऊ वर्षांच्या मुलाला प्रतिपालकत्वात घेतले. ते दत्तकाला तयार नव्हते, कारण मुलाची आई हयात होती आणि कधीतरी येत असे. तो आईला भेटत राहिला, त्याच घरात राहिला आणि शाळाही बदलली नाही. पुढे आईने स्वतःहून संमती दिली. घाईने त्याला मुक्त घोषित करून परजिल्ह्यात पाठवले असते तर त्याची आईही गेली असती. सगळ्यांना दत्तकच हवे असते असे नाही. काहींना पंधराव्या वर्षी रात्री परतायला एक घर हवे असते.

गोदाकाठ

मला हवे होते ते हेच.

आणि एक गोष्ट मूळ विषयापासून जरा दूरची वाटेल, पण आहे त्यातलीच. आपल्या राज्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजनेतून एकल पालकाला किंवा नातेवाइकाला मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. माझ्या आजीला मला सांभाळायचे होते. त्या काळी तिला अशी योजना आहे हे कोणी सांगितले असते तर मी कदाचित संस्थेत आलोच नसतो. वाट पाहणाऱ्या मुलांसाठी कुटुंबे शोधताना, त्यांतल्या काहींची कुटुंबे ओळखीच्या गावातच आहेत का हे आधी पाहावे.

अस्मिता_ठाणे

नोकरदार बायकांच्या बाजूने एक मुद्दा मांडते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली, पण मूल तीन महिन्यांच्या आतले असेल तरच, अशी अट घालून. सोडून दिलेल्या मुलाला मुक्त घोषित व्हायलाच साधारण दोन महिने जातात, त्यापुढे जुळवणी आणि कागदपत्रे. मग ही रजा कोणाच्या वाट्याला येणार होती? आणि मेघनाताईंनी वर्णन केलेले पहिले वर्ष वाचल्यावर सात वर्षांच्या मुलीच्या आईला रजेची गरज नाही असे कोण म्हणेल? मी काम करते तिथे मनुष्यबळ विभागाने मला 'पण मूल तर शाळेत जाते ना?' असे विचारले होते.

खवचट_आजोबा

त्या विभागातले लोकही दिवसभर कार्यालयात जातात, तरी त्यांना रजा लागते.

पिंपळपान

सर्वांचे प्रतिसाद वाचतो आहे. गोदाकाठ यांच्या सूचनेवरून आमच्या अधीक्षकांशी बोललो. मुलांना त्यांच्या प्रकरणाची सद्यस्थिती त्यांना समजेल अशा शब्दांत दर तिमाहीला सांगावी हे त्यांना मान्य झाले. न्यायपंथी यांनी सांगितल्यावर ज्यांना वर्षभरात कोणी भेटायला आलेले नाही अशा मुलांची यादी भेटवहीवरून तयार करायला घेतली आहे. ती जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत समितीपुढे जाईल.

कुटुंबांच्या बाजूने मात्र माझा प्रश्न अजून अर्धाच सुटला आहे. मेघनाताईंना समाजसेविकेने विचारलेला प्रश्न सर्वच नोंदणीकृत पालकांना विचारला जावा, आणि मोठे मूल घेतलेल्या कुटुंबांशी त्यांची गाठ घालून द्यावी, असे जिल्हा पातळीवर घडवता येईल का? २०२४ च्या नोव्हेंबरमधल्या दत्तक जागृती महिन्याचा विषयच मोठ्या मुलांचे प्रतिपालकत्वातून पुनर्वसन हा होता, पण आमच्या तालुक्यापर्यंत त्यातले काही आले नाही.

समाजकार्य_सांगली

आम्ही लहान प्रमाणावर हे करतो. वर्षातून दोनदा प्रतीक्षेतल्या पालकांना बोलावतो आणि त्यांच्यासमोर कार्यकर्त्यांऐवजी दत्तक पालक बोलतात. मुलांना तिथे आणत नाही. सगळे मोठ्या मुलाकडे वळत नाहीत, पण दरवेळी एखादे जोडपे नंतर थांबून विचारते. मेघनाताई पुण्यात असे बोलायला तयार असतील तर मला निरोप पाठवावा.

मेघना_कोथरूड

आनंदाने. मुलीला विचारून कळवते. तिच्याविषयी काय सांगायचे आणि काय नाही हे आता तीच ठरवते.

निशिगंध_०७

इतके दिवस फक्त वाचत होते. आम्ही दोघे अडीच वर्षांपासून प्रतीक्षेत आहोत, वयोगट शून्य ते दोन. हा धागा नवऱ्यालाही वाचायला दिला आणि आता आम्ही सहा ते आठ वर्षांच्या मुलाचा विचार करत आहोत. त्यासाठी पुन्हा रांगेच्या शेवटी जावे लागेल का?

न्यायपंथी

ज्या मुलांना नेहमीच्या क्रमाने कुटुंब मिळालेले नाही ती पोर्टलवर स्वतंत्र विभागात दिसतात आणि त्यांच्यासाठी ज्येष्ठता क्रम लागत नाही. मात्र गृह अभ्यास अहवाल तीन वर्षेच वैध असतो, म्हणजे तुमची मुदत जवळ आली आहे. अहवालात कोणत्या वयोगटासाठी शिफारस केली आहे तेही तपासा आणि नूतनीकरणाच्या वेळी समाजकार्यकर्तीशी मोठ्या मुलाविषयी सविस्तर बोला. वयांची बेरीज चार ते आठ वयोगटासाठी १०० पर्यंत चालते.

निशिगंध_०७

आमची ७९ आहे. सोमवारी संस्थेत फोन करते.

खवचट_आजोबा

७९ म्हणजे भरपूर जागा आहे. आमच्यासारखे वाढवत बसू नका.